‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ : संगणक आणि ग्राहकसेवेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत यंत्र बिघडल्याची तक्रार कमी आणि बिघाड सांगायला गेल्यावर आलेल्या अनुभवाची तक्रार जास्त आहे. चॅटच्या खिडकीत तासभर ताटकळणे, दर वेळी पहिल्यापासून हकीकत सांगणे, आणि काहीही न सुटता तक्रार ‘बंद’ झाल्याचा ईमेल येणे, हे बहुतेक पत्रांत आहे. म्हणून या वेळचे सदर एवढ्याच विषयाला दिले आहे. मी स्वतः आधी इंदुरात संगणक दुरुस्तीचे काम केले आणि नंतर काही वर्षे एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात बसलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत आणि उत्तरे त्या अनुभवावरूनच देतो आहे.

प्रश्न : राजवाड्याजवळ माझे टंकलेखन आणि अक्षरजुळणीचे छोटे केंद्र आहे. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, क्वचित एखादी स्मरणिका अशी मराठी कामे मी एकटी करते. पानांच्या मांडणीसाठी मी जे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणी भरून वापरते, त्याच्या नव्या अपडेटनंतर ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला आडवा अर्धा र पीडीएफ करताना रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो. कंपनीच्या ऑनलाइन मदत केंद्राशी मी चार वेळा चॅटवर बोलले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला, आणि दोन दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा ईमेल. एकाने तर दोन्ही अक्षरे सारखीच आहेत, असे मला सांगितले. शहरात हेच काम करणारे आम्ही आठ-नऊ जण आहोत आणि सगळ्यांना हाच त्रास आहे. आम्ही सर्वांनी मिळून कंपनीकडे नीट मदतीची मागणी कशी करावी?
(एक वाचिका, इंदूर)

उत्तर : पत्रासोबत आपण पाठवलेली गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी भिंग घेऊन पाहिली. शेवटच्या दिवशी महाप्रसादानंतर ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होणार होता आणि छापून आला आहे ‘आचार्यांचा सत्कार’. ज्यांनी दहा दिवस चुलीपुढे उभे राहून स्वयंपाक केला, त्यांच्या मानाची ओळ एका अर्ध्या अक्षराने दुसऱ्याच कोणाला दिली गेली. ही चूक छापखान्याची नाही आणि आपलीही नाही, पण मंडळापुढे मान खाली घालावी लागली ती आपल्याला. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो.

‘दोन्ही अक्षरे सारखीच आहेत’ असे म्हणणाऱ्या माणसावर रागावण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिंदी लेखनात हा आडवा र वापरत नाहीत, तो मराठीत आणि नेपाळीत आहे. हिंदी वाचणाऱ्या माणसाला रफार दिसला की शब्द बरोबर वाटतो, आणि देवनागरी मुळीच न वाचणाऱ्याला तर दोन्ही चित्रे एकसारखीच. आपण चार वेळा जे सांगितले ते समोरच्याला डोळ्यांनी दिसलेच नाही. मदत केंद्रातल्या पहिल्या टेबलावर बसलेल्या माणसापुढे लिखित सूचनांचा संच असतो. यंत्र बंद करून सुरू करा, सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, फाँट बदलून पाहा, या पायऱ्या त्याला पार पाडाव्याच लागतात आणि दिवसाला किती तक्रारी मिटवल्या यावर त्याचे काम मोजले जाते. ग्राहकाकडून ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, की पुष्कळ ठिकाणी तक्रार आपोआप बंद होते, तिला हातही कोणी लावत नाही. मी त्या खुर्चीत असताना मीही अशा तक्रारी बंद झालेल्या पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही माणसांचे काम तसेच अडून राहिले, याची मला आजही खंत आहे. तात्पर्य एवढेच, की तक्रार पहिल्या टेबलावरून उठून जो प्रत्यक्ष सॉफ्टवेअर दुरुस्त करतो त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचते केव्हा, तर जेव्हा मराठीचा गंध नसलेल्या माणसालाही तो बिघाड त्याच्या स्वतःच्या यंत्रावर पाच मिनिटांत घडवून पाहता येतो.

त्यासाठी आधी घरी थोडी तपासणी करावी. तोच शब्द, त्याच फाँटमध्ये, विंडोजमधल्या साध्या नोटपॅडमध्ये लिहावा आणि तेथून पीडीएफ करावी. तेथे शब्द बरोबर आला तर फाँट आणि कळफलक दोन्ही निर्दोष ठरतात आणि बोट सॉफ्टवेअरकडे जाते. मग सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर शब्द कसा दिसतो आणि पीडीएफमध्ये कसा येतो, हे वेगवेगळे पाहावे. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक असेल, तर दोष पीडीएफ तयार करण्याच्या टप्प्यात आहे. तिसरी तपासणी थोडी बारीक आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची. आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, साध्या र चा क्रमांक ०९३० आणि नुक्ता असलेल्या ऱ चा ०९३१ आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की हा ऱ उमटतो, त्यानंतर हलन्त आणि य दिला की ‘ऱ्य’ होते. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि त्यानंतर य येतो. कागदावर दोन्हींचे रूप एकच, पण संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे मजकूर आहेत. एका रीतीने बरोबर येत असेल आणि दुसरीने बिघडत असेल, तर दोष नेमका कोठे आहे हे आपण अर्धे अधिक शोधून दिलेच, शिवाय दुरुस्ती होईपर्यंत बरोबर येणाऱ्या रीतीने लिहून आपले कामही चालू राहील.

एवढे झाल्यावर चॅट करू नये, ईमेल लिहावा किंवा संकेतस्थळावरचा तक्रार अर्ज भरावा. चॅटमध्ये हकीकत तुकड्यातुकड्यांनी जाते आणि पुढचा माणूस ती सलग वाचत नाही. मजकूर असा असावा :

‘सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक, अपडेट अमुक तारखेला झाले, संगणकावर विंडोज ११ आहे. कोरी फाइल उघडून निर्मला फाँटमध्ये “आचाऱ्यांना” हा एकच शब्द लिहिला. पडद्यावर तो बरोबर दिसतो. पीडीएफ केल्यावर तो “आचार्यांना” असा येतो. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ स्वयंपाक करणाऱ्यांना, दुसऱ्याचा गुरूंना. याच संगणकावर नोटपॅडमधून याच फाँटने केलेल्या पीडीएफमध्ये शब्द बरोबर येतो. अपडेटच्या आधी आपल्या सॉफ्टवेअरमध्येही तो बरोबर येत होता. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले, फरक पडला नाही. एका शब्दाची फाइल, दोन्ही पीडीएफ आणि बिघडलेल्या अक्षराभोवती लाल वर्तुळ काढलेले चित्र सोबत आहे. यापूर्वीचे चार तक्रार क्रमांक खाली दिले आहेत.’

यात संताप नाही, विशेषणे नाहीत आणि पंचवीस पानांची स्मरणिकाही जोडलेली नाही. फाइल एकाच शब्दाची आहे, हे फार महत्त्वाचे. ‘पुन्हा बसवून पाहिले, फरक पडला नाही’ या एका वाक्याने पहिल्या टेबलावरच्या पायऱ्या निम्म्याने कमी होतात. कंपनीची ग्राहकसेवा इंग्रजीत चालत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवावा, मात्र चित्र आणि फाइल मराठीच राहू द्यावी.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो, म्हणजे सर्वांनी मिळून मागणी कशी करावी. एकच मजकूर नऊ जणांनी उतरवून पाठवू नये. अशा तक्रारी एकीखाली एक जोडल्या जातात आणि आठ बंद होतात. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर, आपल्या कामातल्या शब्दावर वरील तपासणी करावी, आपली स्वतंत्र तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, आणि सगळे क्रमांक हाती आल्यावर मगच सर्वांच्या सह्यांचे एक पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवावे. नऊ वेगळ्या संगणकांवर, वेगळ्या फाँटमध्ये, एकच दोष दिसतो आहे, हे त्या क्रमांकांवरूनच सिद्ध होते.

त्या पत्रात काय मागावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गोड आवाज, ‘आपल्या असुविधेबद्दल खेद आहे’ अशी वाक्ये किंवा पुढच्या वर्षाच्या वर्गणीत सूट मागू नये. एका तक्रारीला एक क्रमांक आणि एक जबाबदार माणूस असावा आणि त्याने आधीचा पत्रव्यवहार वाचूनच पुढचा प्रश्न विचारावा, ही पहिली मागणी. ग्राहकाने ‘काम झाले’ असे लिहून दिल्याशिवाय तक्रार बंद करू नये, ही दुसरी. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी मागणी ही, की कोणत्या आवृत्तीत कोणते दोष कंपनीला माहीत झाले आहेत, त्यांची यादी कंपनीने आपल्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी ठेवावी. हा दोष त्या यादीत असता तर आपल्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या, कारण अपडेट करण्याआधीच आपण थांबला असता. दोष दुरुस्त होईपर्यंत आधीची आवृत्ती पुन्हा उतरवून घेण्याची सोय द्यावी, हेही त्या पत्रात ठामपणे लिहावे. ही मागणी पूर्ण करणे कंपनीला सर्वांत सोपे असते आणि आपले अडलेले काम त्याने लगेच सुरू होते. मराठी वाचणारा एक तरी तपासनीस नेमावा, असेही लिहावे. वर्गणी घेताना मराठी चालते असे सांगितले असेल, तर मराठी तपासण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.

कायद्याचा आधार आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर दाखवला पाहिजे. त्या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत निवारण करायचे असते. हे नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत आणि कंपनी परदेशातली असली तरी ती भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे विक्री करत असेल तर तिलाही लागू आहेत. म्हणून पत्रावर तारीख घालावी, पोच आली ती तारीख वहीत लिहावी आणि एक महिना मोजावा.

महिना उलटूनही काही घडले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायनिवाडा करत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते. पण जी तक्रार कंपनीच्या चॅटमध्ये चार वेळा बंद झाली, ती या मार्गाने आली की वेगळ्या टेबलावर जाते, हे मी आतून पाहिले आहे. त्याच्या पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी आपला दावा इंदुरातच चालेल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने किंवा काहींनी तक्रार करण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे, मात्र त्यासाठी आयोगाची परवानगी घ्यावी लागते.

येथे कंपनीचा वकील एक हरकत हमखास घेईल, की आपण सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतले, म्हणून आपण ग्राहकच नाही. त्याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे. जी वस्तू केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतली आहे, ती व्यापारी हेतूची मानली जात नाही. आपण एकट्या केंद्र चालवता, हे पत्रात आणि पुढे तक्रारीत स्पष्ट लिहावे. ज्या सहकाऱ्यांकडे पाच-सात नोकर आणि अनेक संगणक आहेत, त्यांची स्थिती मात्र वेगळी ठरू शकते, म्हणून एकत्र दावा करण्याआधी हा फरक आपसात बोलून घ्यावा.

प्रश्न : विषाणूरोधक सॉफ्टवेअरची एका वर्षाची वर्गणी मी कार्डाने भरली होती. या वर्षी न विचारता पैसे कापले गेले. संकेतस्थळावर वर्गणी घेण्याचे बटण मोठे आहे, बंद करण्याचे सापडतच नाही, आणि चॅटमधला यंत्रमानव पुन्हा पुन्हा सवलतीची योजनाच दाखवतो.
(एक वाचक, देवास)

उत्तर : पैसे आपोआप कापण्याच्या व्यवस्थेत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते आणि त्या सूचनेतूनच ती कपात थांबवण्याची सोय असावी लागते. जुने संदेश आणि ईमेलमधला नको असलेल्या टपालाचा कप्पा आधी तपासावा. सूचना आलीच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. कार्डावरची ही कायमची परवानगी बँकेच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपण स्वतः रद्द करू शकता, कंपनीचे बटण शोधत बसण्याची गरज नाही. वर्गणी घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे, ही फसवी रचना म्हणून ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेली आहे. तेथे अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि आपला अनुभव त्यात अगदी चपखल बसतो. कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये या तत्त्वांचा उल्लेख करून पैसे परत मागावेत.

प्रश्न : मी निवृत्त असून लोकमान्य नगरात राहतो. प्रिंटर बंद पडला म्हणून कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला. फोन उचलणाऱ्याने अत्यंत आदराने बोलून माझ्याकडून एक ॲप उतरवून घेतले आणि ‘नोंदणीचे दहा रुपये’ भरण्यासाठी बँकेचे पान उघडायला सांगितले. त्याच वेळी सून घरात आली आणि तिने फोन हिसकावून बंद केला. पैसे गेले नाहीत, पण आता खऱ्या कंपनीलाही फोन करण्याची भीती वाटते. खरा क्रमांक ओळखायचा कसा?
(एक ज्येष्ठ वाचक, इंदूर)

उत्तर : सूनबाईंनी योग्य वेळी योग्य तेच केले. ज्या यंत्रावर ते ॲप उतरवले होते, त्यावरून ते काढून टाकावे, बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावा, आणि पुढचे काही दिवस खात्यावर लक्ष ठेवावे. पैसे गेले असते तर क्षणाचाही वेळ न दवडता बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावे लागले असते. हा क्रमांक घरातल्या फोनजवळ लिहून ठेवावा.

खरा क्रमांक शोधण्यासाठी इंटरनेटपर्यंत जाण्याचीही गरज बहुधा पडत नाही. प्रिंटरचे खोके माळ्यावर असेल तर ते खाली काढावे. वेष्टनबंद वस्तूंवर, ग्राहकाने तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधावा त्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापणे वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांनी बंधनकारक केले आहे. बारकोडाच्या आसपास, बारीक अक्षरांत, कमाल किरकोळ किमतीच्या ओळीशेजारी तो मजकूर सापडेल. खोके टाकून दिले असेल तर सोबत आलेली वॉरंटीची पुस्तिका पाहावी. तीही नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा आणि तेथून आत जावे. शोधाच्या पानावर किंवा नकाशावर सर्वांत वर दिसणारा क्रमांक कंपनीचाच असतो, असे मुळीच धरून चालू नये, कारण तेथे जाहिरात कोणीही देऊ शकतो आणि ठगांचा सगळा भर त्याच जागेवर असतो.

आता भीतीबद्दल. दुरून आपला पडदा पाहून दुरुस्ती करणे ही पद्धत खोटी नाही, खऱ्या कंपन्याही ती वापरतात आणि घरबसल्या काम होत असल्यामुळे आपल्या वयाच्या माणसाला ती सोयीचीच आहे. विंडोजमध्ये त्यासाठी क्विक असिस्ट हे साधन आधीपासूनच असते. त्यात मदत करणारा एक कोड देतो, आपण तो टाकतो, आणि आपला पडदा त्याला दाखवण्याची परवानगी वेगळी, तर माउसचा ताबा देण्याची परवानगी वेगळी मागितली जाते. दुसरी परवानगी नाकारून, फक्त पडदा दाखवून, ‘आपण सांगा, मी कळ दाबतो’ असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. फोन आपण लावलेला असावा, तक्रार क्रमांक आधी मिळालेला असावा, आणि पडदा दाखवण्यापूर्वी बँकेची, ईमेलची सगळी पाने बंद केलेली असावीत. प्रिंटर दुरुस्त करायला बँकेचे पान लागत नाही. ते उघडायला सांगितले, की माणूस कितीही अदबीने बोलत असला तरी फोन खाली ठेवावा.

आमच्या व्यवसायाला या ठगांनी फार मोठा डाग लावला आहे. म्हाताऱ्या माणसाने मदत मागायलाच घाबरावे, यासारखे दुःख नाही. कंपन्यांनी आपला खरा क्रमांक यंत्रावरच, झाकणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरांत चिकटवला तर असे पुष्कळ प्रकार टळतील, आणि आपण कंपनीला प्रिंटरची तक्रार लिहाल तेव्हा ही सूचनाही त्यात अवश्य घालावी.

प्रश्न : दसऱ्याच्या विक्रीत एका संकेतस्थळावरून मुलीसाठी लॅपटॉप घेतला. विसाव्या दिवशी पडद्याची बिजागरी सुटली. संकेतस्थळ म्हणते, परतीची मुदत संपली, लॅपटॉपच्या कंपनीकडे जा. कंपनीचे सेवा केंद्र म्हणते, हा वापरातला मार आहे, विक्रेत्याकडे जा. विक्रेता फोन उचलत नाही. तिची परीक्षा जवळ आली आहे.
(एक पालक, महू)

उत्तर : तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवले, तर आपण तिघांनाही एकाच पत्रात आणावे. ईमेल एकच लिहावा आणि तो संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, विक्रेत्याला आणि उत्पादक कंपनीला एकाच वेळी पाठवावा, म्हणजे एकाने दुसऱ्याचे नाव सांगून निसटण्याची सोय राहत नाही. आधी उल्लेख केलेल्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा असतो आणि विक्रेत्याचा पत्ता व संपर्क ग्राहकाला उपलब्ध करून द्यायचा असतो. माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाची सात किंवा दहा दिवसांची परतीची मुदत ही त्यांच्या सोयीची व्यवस्था आहे, त्याने उत्पादकाची वॉरंटी संपत नाही.

‘वापरातला मार’ हे शब्द सेवा केंद्राने तोंडी सांगितले की कागदावर दिले, हे आपण लिहिलेले नाही. तोंडी सांगितले असेल तर पुन्हा जाऊन लेखी मागावे. कोठे मार लागला, त्याची खूण कोणती, हे जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, लिहून, सही-शिक्का करून द्यावे, असा आग्रह धरावा. बिजागरीच्या जागी प्लॅस्टिकमधला स्क्रूचा खळगा उखडला असेल आणि बाहेरच्या कवचावर पोचा किंवा ओरखडा नसेल, तर मार लागल्याचे म्हणणे टिकवणे त्यांना जड जाते. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी चांगल्या उजेडात चारही कोपऱ्यांची, झाकणाची आणि बिजागरीची जवळून छायाचित्रे काढून ठेवावीत. तळाशी चिकटवलेला अनुक्रमांक एका छायाचित्रात स्पष्ट यावा आणि तोच क्रमांक जॉबशीटवरही लिहिला आहे की नाही, हे खिडकीपाशी उभे असतानाच ताडून पाहावे.

मुलीच्या परीक्षेचा विचार करता, यंत्र हातावेगळे करण्याआधी तिच्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा बिटलॉकर या विंडोजमधल्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असते, हे लोकांना ठाऊकच नसते. सेवा केंद्रात मदरबोर्ड बदलला की यंत्र सुरू होताना ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते, आणि ती नसेल तर आतले काहीही मिळत नाही. ही किल्ली बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता. आज रात्रीच ते खाते उघडून किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद बिलासोबत ठेवावा.